घंटीतला कापूस

पुंडलिक तायडे यांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसे, कापूस असे.

अमरावतीला आमच्या कचेरीसमोरून मोठा रस्ता जायचा. लग्नसराईत दिवसाकाठी दोन-तीन वराती तिथून जात. आम्ही बाकीचे कारकून लेखणी ठेवून खिडकीशी धावायचो. नवरदेव घोड्यावर नीट बसलाय का, हे पाहणं हे जणू सरकारी काम आहे अशी आमची समजूत होती. तायडे मात्र उठत नसत. सनईचा पहिला सूर अजून वळणाच्या पलीकडे असतानाच त्यांचा हात खिशात जाई. चिमूटभर कापूस बाहेर येई, त्याचे बरोबर दोन भाग होत, दोन्ही भाग दोन्ही कानांत घट्ट बसत आणि तायड्यांचं टायपिंग पुढे चालू राही. वरात गेली की कापूस काढून, झटकून परत खिशात. चैत्र-वैशाखात त्यांचे कान कायम लाल दिसत.

हा कापूस त्यांनी कधी विकत आणला नाही. बाजाराकडे जाणाऱ्या कापसाच्या बैलबंड्यांतून तो उडायचा आणि आमच्या खिडकीच्या गजांना पुंजक्यापुंजक्यांनी अडकून बसायचा. तायडे सकाळी आल्या आल्या गजांवरून बोटं फिरवत आणि निवड करत. मी एकदा मदत म्हणून एक पुंजका काढून दिला, तर त्यांनी तो उजेडात धरून ओढून पाहिला आणि परत केला.

"हा चालत नाई, देशमुखभाऊ. आखूड धाग्याचा हाय. आखूड धागा आवाज गाळून आत सोडते. लांब धाग्याचा पायजे. तो आवाजाले धरून ठेवते."

कानासाठी कापूस पारखून घेणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

मी अकोल्याचा. नोकरीत नवा होतो आणि माझं टेबल नेमकं तायड्यांच्या टेबलाला लागून आलं. तायडे आमच्या कचेरीचे टायपिस्ट. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, काळेसावळे, सडपातळ, डोळ्यांवर चष्मा, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. त्यांच्यापुढे एक जुनं, अवजड इंग्रजी मशीन होतं. पहिले पंधरा दिवस त्या मशीनच्या आवाजाने माझं डोकं उठलं. आकडेमोड चुकायची, नावं चुकायची, एकदा मी एका पत्रात स्वतःचंच आडनाव चुकवलं. शेवटी धीर करून मी त्यांना म्हटलं, "तायडे, जरा हळू मारता येत नाही का?"

तायडे हसले नाहीत. हसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, "आवाज काई वाईट नसते, भाऊ, अन् चांगला बी नसते. सवय असते, राजेहो, सवय. एक महिना थांबा. मंग मी बंद पडलो, का तुमीच इचारान, काहून बंद पडले म्हून."

आणि खरंच तसं झालं. महिनाभरात माझ्या लक्षात आलं, की हा माणूस नुसता टाईप करत नाही, ताल धरून टाईप करतो. ओळीचे सरळ चार भाग पडत. डाव्या हाताची बोटं बारीक, नाजूक चालत आणि उजव्या हाताचा अंगठा शब्दांमधल्या जागेसाठी खालच्या पट्टीवर जाड ठोका देत राही. सगळं कसं जमून येई, फक्त ओळ संपत आली की मशीनची घंटी टिंग वाजे. टायपिस्टला इशारा म्हणून ती ठेवलेली असते. त्या टिंगसरशी दर वेळी तायड्यांच्या कपाळावर आठी पडे.

"ही घंटी बेताल हाय," ते म्हणत. "कुठी बी वाजते. पन काय करता, सरकारी हाय."

हळूहळू सगळ्या कचेरीचे कान तयार झाले. स्मरणपत्राला एक चाल होती, चौकशीच्या पत्राला दुसरी. बदलीच्या हुकमाची चाल तर अशी जोरकस, की तायड्यांनी पहिली ओळ मारली की प्रत्येक जण आपापल्या बायकोमुलांचा विचार करू लागे. मध्यप्रदेशातून आम्ही मुंबई राज्यात आल्यावर आमच्याकडे जोगळेकर नावाचे हेडक्लार्क पुण्याहून आले. गोपनीय पत्रं टाईप व्हायच्या आत कचेरीभर कशी होतात, हे त्यांना समजेना. समजलं तेव्हा त्यांनी तायड्यांना ताकीद दिली, की गोपनीय मजकूर ताल न धरता, सावकाश टाईप करावा. तायड्यांनी हुकूम तंतोतंत पाळला. त्या दिवसापासून मशीन अडखळायला लागलं की सगळ्यांना कळायचं, आज गोपनीय आहे. जोगळेकरांनी महिन्याभरात ताकीद मागे घेतली. पुढे पुढे दुष्काळाच्या फायली वाचताना टेबलाखाली त्यांचाच पाय ठेका धरू लागला, हे आम्ही पाहिलं आणि त्यांना सांगितलं नाही.

मग कारभार मराठीत आला आणि त्याबरोबर मराठी मशीन आलं. तायड्यांनी नारळ वगैरे फोडू दिला नाही, पण पहिलं पत्र हौसेनं मारायला घेतलं आणि चौथ्या ओळीत हात वर केले.

"मात्रा मारली तर कागदाचा गाडा सरकतच नाई! एक ठोका रिकामा जाते. मंग ताल कसा धराव मानसानं?"

त्यांनी काम शिकून घेतलं, पण ताल गेला. आमची कचेरी उदास झाली. आकडेमोड पुन्हा चुकू लागली. जुनं इंग्रजी मशीन दप्तरखान्यात धूळ खात पडलं, तेव्हा तायड्यांनी अर्ज केला, की ते सरावासाठी घरी न्यायला परवानगी मिळावी. जोगळेकरांनी विचारलं, "अहो, राज्य मराठीचं आणि सराव इंग्रजीचा?" तायडे म्हणाले, "सायेब, बोटाईले भाषा नसते." जोगळेकरांना हे इतकं पटलं, की त्यांनी अर्जावर तिथल्या तिथे सही केली. सायकलच्या मागे मशीन बांधून तायडे घरी गेले. मला वाटलं, बिचाऱ्याला करमत नसेल.

त्या वर्षी माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. लग्न अकोल्याला, आमच्या घरी. माझ्या वडिलांचं पत्र आलं. आचारी मिळाला, मांडववाला मिळाला, पण वाजवायला कोणी मिळत नाही. बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यापासून आपल्या गावाकडच्या वाजंत्र्यांनी वाजवणं सोडलंय, डफड्याशिवाय लग्न लग्नासारखं वाटत नाही, तुझ्याकडे कोणी असेल तर पाहा.

आता मी काय केलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी ते पत्र हातात घेऊन शेजारच्या टेबलाकडे वळलो. तायड्यांचे वडील चांदूर रेल्वेकडच्या एका गावात डफडं वाजवायचे आणि त्या भागात त्यांच्या हाताचं नाव होतं, असं कोणीतरी मला सांगितलेलं होतं. मी अगदी सहज, चहा मागावा तसं विचारलं, "तायडे, तुमच्याकडचं कोणी येईल का हो वाजवायला? तुमचे वडील आले तर काय बहार होईल!"

तायड्यांचे हात मशीनवर थांबले. रस्त्यावर वरात नव्हती. तरी त्यांनी खिशातून कापूस काढला, त्याचे दोन भाग केले, दोन्ही कानांत घातले आणि माझ्याकडे न बघता टायपिंग सुरू केलं. संध्याकाळपर्यंत तो काढला नाही. जाताना मात्र माझ्या टेबलाशी थांबले. कापूस काढला.

"तुमच्या बयनीच्या लग्नाले मी येतो," ते म्हणाले. "पत्रिका द्या. पंगतीत बसतो. वाजवाले येत नाई."

पत्रिकांचा गठ्ठा आठ दिवसांपासून माझ्या खणात होता. कचेरीत सगळ्यांना वाटून झाल्या होत्या. तायड्यांना द्यायची राहिली होती, आणि ती राहिली आहे हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तायडे आले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, सकाळच्या गाडीने, हातात बहिणीसाठी एक लुगडं घेऊन. वडिलांनी शेवटी शहरातला बँड लावला होता. पंगत बसली तेव्हा मी तायड्यांना हाताला धरून माझ्या शेजारी बसवलं. त्यांच्या पलीकडे माझे काका होते. काकांनी एकदा तायड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग "इथं ऊन लागते" असं पुटपुटत आपली पत्रावळ उचलली आणि पलीकडच्या ओळीत जाऊन बसले. मांडव चांगला जाड होता. ऊन कुठेच नव्हतं. मी पत्रावळीवरचा भात नुसता चिवडत राहिलो. तायडे मात्र सावकाश, व्यवस्थित जेवले. शेवटी म्हणाले, "जिलबी चांगली झाली होती, भाऊ. गरम होती."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरने आम्ही दोघं परत निघालो. डबा रिकामा होता. मी काकांबद्दल काहीतरी बोलायला गेलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"त्याचं काई नाई. मले सवय हाय. एक सांगू का, जिलबी गरम असते हे मले काल समजलं."

मग ते बोलू लागले. गाडीच्या खडखडाटात त्यांचा आवाज मध्येच बुडायचा, मी पुढे वाकून ऐकत होतो.

"तुमी डफडं ऐकलं का तुमाले काय आठवते? लगन. नवा सदरा. गोडधोड. हाय का नाई? मले काय आठवते सांगू? कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ. त्या जाळावर बाबा डफडं शेकाचे, चामडं तानून याव म्हून. मंग वरातीच्या पुढं चार-चार घंटे वाजवाचे. वरात मांडवात गेली का काम सरलं आमचं. गोठ्यापाशी बसाचं. समद्या पंगती उठल्या, का मंग उरलंसुरलं पत्रावळीवर याचं, थंडं. मी त्याईच्या बाजूले बसून रायत होतो. आतून हसन्याचा आवाज येवाचा. तुमचा-आमचा आवाज एकच होता, भाऊ. कान अलग होते."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. आमच्या घरच्या किती लग्नांत मी त्या आवाजामागे धावलो होतो. मांडवात शिरल्यावर तो वाजवणारा माणूस कुठे जातो, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. गोठा आमच्याही घरी होता.

"नागपूरले दीक्षा झाली तवा बाबा माझ्या आंधी निंगाले," तायडे पुढे म्हणाले. "अर्धी वाट पायी गेले. परत आले अन् गावाले सांगून टाकलं, आजपासून वाजवनं बंद. माझ्या सांगन्यावरून नाई, त्याईनंच सोडलं. पन डफडं घरात टांगून ठेवलं. रोज फडक्यानं पुसत. मले ते पायवत नोतं. वाटे, भितीवर गोठाच टांगला हाय. एक दिवस बाबा वावरात गेलते. मी ते काढलं अन् गावाबाहेरच्या हिरीत फेकून देलं."

"मग?"

"मंग काय. बाबा आले, भितीकडं पायलं. मले म्हने, 'वाजवाचं म्या सोडलं होतं. त्याले जीवानं माराले कोनं सांगतलं होतं तुले?' बस. त्यानंतर बोलले नाई. सहा वर्सं झाले. अमरावतीले संग आणलं, एका खोलीत रायतो, पन जे काय सांगाचं ते माह्या बायकोच्या, सुमनच्या तोंडानं. मी समोर बसलो असलो तरी तिले म्हनतात, 'त्याले सांग, चहा थंडा होऊन राहिला.' सुमन मले सांगते. मी सुमनले सांगतो, पेतो म्हना. हसू नका, भाऊ."

मी हसलो नव्हतो.

"मले त्याईच्याकडून माफी नाई पायजे. एक शब्द पायजे. शिवी असली तरी चालते. पन माह्यासंग, मले बोललेला."

बडनेरा आलं आणि आम्ही उतरलो. त्यानंतर मी कानात कापूस घालणाऱ्या तायड्यांची कचेरीत कोणाला टिंगल करू दिली नाही. ही काही मोठी गोष्ट नव्हे. माझ्याकडून तेवढंच झालं.

पावसाळा संपता संपता तायडे अचानक यायचे बंद झाले. चार दिवस झाले, आठ झाले. रजेचा अर्ज नाही. जोगळेकर म्हणाले, "देशमुख, तुमची ओळख आहे, जाऊन सही घेऊन या. नाहीतर मला गैरहजेरी लावावी लागेल." मी कोरा अर्ज खिशात घालून दुपारच्या सुट्टीत निघालो.

रेल्वेच्या फाटकापलीकडच्या वस्तीत त्यांची खोली होती. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच तिथे जात होतो, आणि पत्ता विचारावा लागला नाही. गल्लीच्या तोंडाशीच मला टाईप केल्याचा आवाज आला.

दार उघडं होतं. सुमनवहिनी चुलीपुढे बसल्या होत्या. कोपऱ्यातल्या बाजेवर एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. पाठीचा एकेक मणका मोजता यावा इतका वाळलेला. बाजेच्या पायथ्याशी एका लाकडी खोक्यावर आमच्या कचेरीचं जुनं मशीन ठेवलेलं होतं आणि तायडे त्याच्यापुढे मांडी घालून बसले होते. मशीनला कागद लावलेला नव्हता.

"डाक्टर म्हनते, आता काई राहिलं नाई," तायडे मला हळूच म्हणाले. "चार दिवसापासून सुमनशी बी बोलत नाई. दूध नाई, पानी नाई. मले दुसरं काय येते, भाऊ? जे येते ते करून राहिलो."

आणि त्यांनी पुन्हा सुरुवात केली. कागद नसल्यामुळे अक्षरं सरळ मशीनच्या रुळावर आदळत होती आणि आवाज कोरडा, टणक निघत होता. डाव्या हाताची बारीक बोटं, उजव्या अंगठ्याचा जाड ठोका. दोन ओळी ऐकल्या आणि मी खिशातला अर्ज काढता काढता थांबलो. तो ताल मी जन्मापासून ओळखत होतो. वरात मांडवाशी येते तेव्हाचा तो ताल. इतकी वर्षं तायडे सरकारी कागदांवर जे ठोकत होते ते हेच होतं. स्मरणपत्रं, चौकशा, बदल्या, सगळ्यांखाली हेच वाजत होतं आणि आम्ही नुसते पाय हलवत बसलो होतो. एरवी हा ताल ऐकून मला भूक लागायची. त्या खोलीत मला गोठाच दिसू लागला.

तेवढ्यात म्हाताऱ्याचा डावा हात मला दिसला. तो बाजेच्या लाकडी पाटीवर पडलेला होता आणि त्याचं एक बोट हलत होतं. तायड्यांच्या ठोक्यांमध्ये जिथे जिथे जागा राहत होती तिथे ते बोट लाकडावर पडत होतं. आवाज होत नव्हता, पण चुकत नव्हतं. तायड्यांची पाठ त्या हाताकडे होती. मी त्यांना सांगायला तोंड उघडलं.

टिंग.

ओळ संपत आली होती, घंटी वाजली. बोट थांबलं.

तायड्यांनी गाडा मागे ढकलला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बोट पुन्हा हलू लागलं. चार भाग पुरे व्हायच्या आत पुन्हा टिंग. बोट पुन्हा थांबलं. तिसऱ्या वेळी टिंग झाली आणि भिंतीकडून आवाज आला. खोल, खरखरीत, वापर नसलेला आवाज.

"ते टिंगटिंग बंद कर."

वहिनींच्या हातातली फुंकणी खाली पडली. त्या वळल्या, आणि निरोप पोचवायच्या सवयीनं तायड्यांना म्हणाल्या, "अवो, ते म्हनतात का..." आणि तिथेच थांबल्या. निरोप त्यांच्याकडे दिलेलाच नव्हता.

तायडे वळले नाहीत. त्यांनी मशीनचं वरचं झाकण उघडलं, खिशात हात घातला, कापूस काढला. या वेळी त्याचे दोन भाग केले नाहीत. सगळाच्या सगळा पुंजका घंटीच्या वाटीत बोटानं घट्ट दाबून बसवला आणि झाकण लावलं. मग हात मांडीवर ठेवून ते वाट पाहत राहिले.

"आता वाजव," म्हातारा म्हणाला.

तायडे वाजवू लागले. मी अर्ज तसाच खिशात ठेवून बाहेर पडलो. फाटकापर्यंत तो ताल माझ्या मागे येत होता आणि आता तो मध्ये कुठेच तुटत नव्हता.

त्यानंतर तीन दिवसांनी म्हातारा गेला. मी गेलो होतो. वाजवणं-गाजवणं काही नव्हतं, ठरलेलं होतं तसंच. पांढऱ्या कपड्यांतली माणसं शांतपणे चालत होती. परत येताना मी तायड्यांना विचारलं, "पुढे आणखी काही बोलले का?"

"बोलले ना," तायडे म्हणाले. "जाच्या आदल्या दिवशी. म्हने, 'तुया डावा हात कच्चा हाय.'"

"आणखी?"

"आनखी काय पायजे?" तायडे म्हणाले.

मशीन त्यांनी कचेरीत परत आणून दिलं. पुढे तपासणी झाली तेव्हा जोगळेकरांनी शेरा मारला, की सदर यंत्राची घंटी वाजत नाही, दुरुस्त करून घ्यावी. तो कागद माझ्या टेबलावर आला. मी खाली लिहिलं, आवश्यकता नाही. जोगळेकरांनी माझ्याकडे पाहिलं, दप्तरखान्याकडे पाहिलं आणि काही न विचारता सही केली. माणूस पुण्याचा होता, पण एव्हाना त्याचेही कान वऱ्हाडी झाले होते.

पुढच्या लग्नसराईत एका दुपारी वळणावर सनई ऐकू आली. कुठल्या तरी लांबच्या गावाहून आणलेले वाजंत्री असावेत, कारण सनईच्या मागून डफडं येत होतं. आम्ही कोणीच खिडकीशी गेलो नाही. सगळे तायड्यांकडे बघत होतो. त्यांचा हात खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला. मी चटकन उठलो, खिडकीच्या गजावरचा एक लांब धाग्याचा पुंजका काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो घेतला नाही. दोन्ही हात मशीनवर ठेवून, मान थोडी तिरकी करून ते ऐकत राहिले. वरात जवळ आली, समोरून गेली, बाजाराच्या बाजूला वळली. अगदी शेवटचा ठोका ऐकू येईनासा होईपर्यंत ते हलले नाहीत.

"डावा हात कच्चा हाय," ते म्हणाले, आणि चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत बसले.